कारण सांग, मंग चावी

कुंदाताई पदराची गाठ दातांनी सोडायला लागल्या की आमच्या ऑफिसात सगळे गप्प होतात. त्या गाठीत सुपारी नसते, असते नखाएवढी एक चावी. ती कॉम्प्युटरला लावून ताईंनी बोट टेकवल्याशिवाय आमच्या चालू मशीनवरची एकही गोष्ट पुसता येत नाही. साहेबांनी चावी गळ्यात घालायला छान पट्टी आणून दिली होती. "गळ्यातलं कोणीबी ओढते," ताई म्हणाल्या. "पदराले हात लावून दाखवा म्हणा!"

चंद्रपुरातलं आमचं ऑफिस लहान, पण काम जोखमीचं. जंगलाच्या कडेला कॅमेरे आहेत. गावाजवळ वाघ दिसला की आमच्या मशीनवरून त्या गावात घरोघरी फोन जातो, आज रानात जाऊ नका. ही मशीनं सांभाळतात कुंदाताई. पन्नाशी ओलांडलेल्या, रोज वरोऱ्याहून एसटीने येणाऱ्या, आणि कशालाही आधी "कारण सांग" म्हणणाऱ्या. सुट्टी मागा, कारण सांग. कूलर वाढवा म्हणा, कारण सांग. आता चंद्रपुरात मे महिन्यात कूलरला कारण लागतं का हो?

मग साहेबांनी एआय एजंट आणला. हा पठ्ठ्या स्वतःच प्रोग्राम लिहितो, तपासतो, मशीनवर चढवतो, जुनं उतरवून फेकतो. साहेब हरखून गेले. म्हणाले, "त्याला सगळे अधिकार देऊन टाका." ताईंनी चष्मा पुसला.

"जावई हाये तो, साहेब. पाटावर बसवा, पुरणपोळी वाढा. कोठीची चावी काऊन देता?"

तेव्हापासून एजंटाचं नाव जावई पडलं. त्याने हवं ते नवं बांधावं, पण काही बंद करायचं किंवा पुसायचं असेल तर आधी ताईंच्या स्क्रीनवर विचारायचं. तो अदबीने लिहायचा, "ही जुनी फाइल काढू का?" की ताई खुलायच्या. "पाहा, कसा विचारून राह्यला बिचारा! नाईतर तुम्ही पोट्टे!" बाई यंत्राचे लाड करते म्हणून आम्ही खिदळायचो. दिवाळीची ड्यूटीसुद्धा त्या मागून घ्यायच्या. "सणासुदीले सर्व्हरले एकटं काऊन ठेवाचं?" त्यावर तर आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

मोहफुलांच्या दिवसांत साहेबांनी जावयाला सफाईला लावलं. त्याने भराभर नको असलेली मशीनं शोधली आणि एका मशीनबद्दल ताईंना विचारलं, "हे कायमचं काढून टाकू का?"

"दाबा ना, ताई," साहेब घाई करू लागले.

"कारण सांग," ताईंनी टाइप केलं.

जावयाचं उत्तर तयार होतं. या मशीनवरून बरेच दिवस एकही फोन गेलेला नाही, ते वापरात दिसत नाही.

ताईंनी कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा, फोन गेला नाई म्हंजे वाघ आला नाई! राखणदार गप बसून हाये म्हून त्याले काढून टाकाचं काय?" आणि त्यांनी पदराची गाठ आणखी घट्ट आवळली. जावई समजूतदार. त्याने लगेच लिहिलं की ही गोष्ट त्याला माहीत नव्हती, मशीन राहू दे.

ते मशीन आमच्या गावाला फोन करणारं होतं. मूल शहराच्या पुढे, जंगलाला लागून आमचं घर. आठवडाही झाला नसेल, आई पहाटे टोपली घेऊन मोहं वेचायला निघाली आणि उंबऱ्यातच तिचा फोन वाजला. चरफडत ती माघारी फिरली. सकाळी लोकांना वाघाच्या पंजांचे ठसे दिसले ते नेमके तिच्या मोहाच्या झाडाखाली.

मला फोन करून ती आधी भांडलीच. "अर्धे मोहं रानडुकरानं खाल्ले ना माह्ये!" ताईंच्या एका नकारामुळे माझी आई मला शिव्या घालायला शिल्लक होती, आणि इतक्या गोड शिव्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या. मग तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या बाईले विचार, रविवारी जेवाले येते काय. पाटोडीचा रस्सा करतो."

दुसऱ्या दिवशी मी ताईंसमोर उभा राहिलो. त्या "कारण सांग" म्हणणार हे ठाऊक होतं, म्हणून कारण घोकूनच गेलो होतो. "ताई, आईने विचारलंय, रविवारी आमच्याकडे जेवायला याल का?"

ताईंची बोटं पदराच्या गाठीशी चाळा करू लागली.

"मले विचारलं तिनं?"

"हो."

"माह्या भाचीचं लगन झालं, मले मोबाइलवर फोटोत दिसलं." त्या हसल्या, पण डोळे भरले होते. "कोणी काही विचारतच नाई रे मले. हा जावई तेवढा विचारते."

दिवाळीला हसलो होतो ते आठवलं आणि मान खाली गेली. पाठ केलेलं कारण तोंडातच राहिलं, आणि ताईंनी ते मागितलंही नाही.

"रविवार लय लांब हाये," पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या. "आज चालते काय? विचार ना तिले."