बारा दुपट्यांची नऊवारी

या वेळी बाळासाठी एकही वस्तू विकत आणायची नाही, सगळं घरी आणि स्वतःच्या हातांनी करायचं, असं उपेंद्रने जाहीर केलं, तेव्हा त्याचा शिवणकामाचा एकूण अनुभव शर्टाच्या एका बटणापुरता होता. तेही बटण पुढे मीटिंगमध्ये तुटून चहात पडलं होतं. पण उपेंद्र मूळचा नागपूरचा आणि धंद्याने सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढून काढून, आपल्या हातून त्या होणारच नाहीत अशी त्याची खात्री पटली होती.

बेतामागचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी बेंगळुरूला सर्जापूर रोडवरच्या याच फ्लॅटमध्ये त्याने आणि त्याच्या बायकोने, मुग्धाने, पाळणा, बाबागाडी, सहा जोड मोजे असं सगळं हौसेने आणून ठेवलं होतं. सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. मुग्धा दवाखान्यातून परत यायच्या आत सामान घराबाहेर काढायचं म्हणून उपेंद्र एकटा चार वेळा लिफ्टने खाली-वर झाला होता. चौथ्या खेपेला लिफ्टमधल्या एकाने पाळण्याच्या खोक्यावरचं चित्र बघून त्याचं अभिनंदन केलं होतं आणि त्याने थँक्यू म्हटलं होतं.

म्हणून आता दिवस राहिल्यावर मुग्धाने सांगून टाकलं, "बाळ घरी येईपर्यंत दुकानातली टाचणीसुद्धा आणायची नाही."

उपेंद्रने त्यातून वाट काढली. "दुकानातली नाही ना? घरात जुन्या वस्तूंचं केलं तर?"

"कर काय करायचं ते. मला दाखवू नकोस."

पहिली केली झोळी. छताच्या हुकाला जुनी चादर बांधली आणि टेस्टर असल्यामुळे बाळाच्या जागी दहा किलो कणकेची पिशवी ठेवून झोका दिला. दुसऱ्या झोक्याला हुक, हुकाभोवतीचं प्लास्टर आणि कणीक असे तिघे एकदम खाली आले. उपेंद्र पिठात नखशिखांत न्हाला. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ धावत वर आले, दारात पांढराफटक माणूस बघून दोन पायऱ्या मागे सरले आणि काही न विचारता निघून गेले. झोळी रद्द झाली. तिच्या जागी भाज्यांची वेताची टोपली पाळणा म्हणून नेमण्यात आली.

मग दुपटी. त्याने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "आमच्या बाळासाठी जुन्या, मऊ सुती साड्या हव्या आहेत." संध्याकाळपर्यंत गेटवर अकरा पिशव्या जमल्या. त्यांत पडदे होते, तीन जीन्स होत्या, अर्ध्या सोफ्याचं कव्हर होतं. साडी एकही नव्हती. बी विंगमध्ये राहणाऱ्या त्याच्या टीम लीडने हळूच फोन करून विचारलं, "उपेंद्र, जॉब तो ठीक है ना?"

साडी मिळाली ती समोरच्या फ्लॅटमधून. तिथे भार्गवी, तिचा नवरा आणि तिचे सासू-सासरे राहत. ही बेंगळुरूची पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी माणसं, बसवनगुडीतलं घर विकून इकडे आलेली. सासरे भीमाचार्य शहाऐंशीचे, सासूबाई वसुमतीआजी ऐंशीच्या. भार्गवी एका कानात ऑफिसचा कॉल घेऊन दारात आली, "आमच्या अत्तेंची जुनी साडी आहे, स्वल्प नॅफ्थलीनचा वास येईल," म्हणाली, पिशवी उपेंद्रच्या हातात दिली आणि तशीच आत वळली. अत्ते म्हणजे सासूबाई, एवढं उपेंद्रला ठाऊक होतं.

पिशवीत गर्द हिरवी इरकल नऊवारी निघाली. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. आणि बरोबर एक कुंकवाची पुडी, डझनभर हिरव्या बांगड्या, गंगाजलाचा तोंड बंद केलेला तांब्याचा गडू आणि चंदनाचा एक तुकडा. उपेंद्रला भरून आलं. जुन्या लोकांना किती बारीकसारीक कळतं, असं तो मुग्धाला दोनदा म्हणाला.

त्याने यातलं काहीही वाया जाऊ दिलं नाही. साडीची बारा दुपटी बेतली आणि व्हिडिओ बघत बघत त्यांच्या कडा शिवल्या. प्रत्येक दुपट्याच्या कोपऱ्याला त्या पुडीतलं कुंकू लावलं. बांगड्या दोऱ्यांत ओवून टोपलीवर टांगायचं खेळणं केलं आणि मधोमध, चकाकतो म्हणून, गडू लटकवला. हलवला की आत पाणी डुचमळे. चंदनाचा तुकडा तीन दिवस घासून गुळगुळीत केला. बाळाला दात येताना चावायला.

आणि मुग्धा, जी त्या खोलीत पाऊलही टाकत नव्हती, ती एका दुपारी येऊन टोपलीशेजारी बसली. तिने एक दुपटं उचलून गालाला लावलं. नंतर ती ते उशाशी घेऊनच झोपली. आठवड्याने स्वतःहून म्हणाली, "ओटी भरायला हरकत नाही. पण फक्त समोरच्यांना बोलाव."

नवव्या महिन्याच्या सुरुवातीला एका रविवारी वसुमतीआजी आणि भार्गवी आल्या. आजींनी ओटी भरली, मुग्धाच्या तोंडात बर्फी घातली. मग उपेंद्रने त्यांना मोठ्या अभिमानाने पाळणा दाखवायला नेलं.

आजी बराच वेळ टोपलीसमोर उभ्या राहिल्या. मग चष्मा पुसून पुन्हा उभ्या राहिल्या.

"भार्गवी," त्या म्हणाल्या, "हा माझा गडू काय?"

भार्गवीने बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. कपाटात एकाच दुकानाच्या दोन पिशव्या होत्या. एकीत जुनी साडी होती. दुसरीत काय होतं, ते तिला आता आठवलं.

"हो आजी, तुमचाच," उपेंद्र म्हणाला. त्याला अजून काही कळलं नव्हतं. "किती मनापासून दिलंत तुम्ही सगळं. हे चंदन बघा, दात येतील तेव्हा..."

"ते माझ्या चितेवर ठेवायचं चंदन आहे, उपेंद्रा," आजी शांतपणे म्हणाल्या. "गडूतलं गंगाजल शेवटी तोंडात घालायला. साडी नेसवायला. बांगड्या, कुंकू तिच्याबरोबरचं. माझ्या जाण्याचं सामान आहे हे. तू त्याचं काय केलंस?"

उपेंद्रने मागे वळून बघितलं. मुग्धा दारातच उभी होती.

"शोधून शोधून हेच मिळालं तुला?" एवढंच म्हणून ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

त्याने खेळणं उतरवलं. दोरे सोडताना बांगड्या सतत वाजत राहिल्या आणि तो आवाज आत जाऊ नये म्हणून त्याने त्या शर्टात गुंडाळल्या. चार वाजता दार उघडलं. मुग्धा दाराला धरून उभी होती.

"दुपारपासून हललं नाहीये," ती म्हणाली.

सर्जापूर रोडवर रविवारीही गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या. कॅबमध्ये मुग्धाचे दोन्ही हात पोटावर होते. उपेंद्रच्या मनात एकच गोष्ट चालली होती. आता घरी गेल्यावर ही टोपली चार खेपांत नाही, एकाच खेपेत खाली नेता येईल. आपण असा विचार करतोय हे लक्षात आल्यावर त्याने स्वतःच्या मांडीला इतक्या जोरात चिमटा काढला की ड्रायव्हरने आरशातून बघितलं.

दवाखान्यात नर्सने मुग्धाच्या पोटाला पट्टा बांधला. मशीनमधून आधी नुसती खरखर आली. ती अर्धा मिनिट चालली असेल. मग घोडा टापा टाकत यावा तसे ठोके ऐकू यायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ झोपलं होतं. दुपारी जेवलात का तुम्ही?" दोघांनाही आठवेना.

परत येऊन लिफ्टमधून बाहेर पडले तर समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर वसुमतीआजी बसल्या होत्या. तीन तासांपासून. भार्गवी मागे पाण्याची बाटली घेऊन उभी होती. बाळ ठीक आहे हे उपेंद्रने सांगितलं, तेव्हा आजींनी डोळे मिटले आणि हात जोडले. मग मुग्धाला जवळ बोलावलं.

"मुली, एक ऐक. ते सामान बांधून मला बावीस वर्षं झाली. त्यात आजवर कोणी मेलेलं नाही. मीसुद्धा नाही. आमच्या घरात सगळे धडधाकट आहेत. त्याच्याइतकं गुणाचं सामान तुला शोधून सापडणार नाही."

मुग्धा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं आणि ते रडण्यात कधी गेलं ते कोणालाच कळलं नाही. आजींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. उपेंद्र आणि भार्गवी, दोघे गुन्हेगार, लिफ्टशेजारी आपापल्या चपलांकडे बघत उभे राहिले.

"पण उपेंद्र," मुग्धा नाक पुसत म्हणाली, "आजींचं त्यांना परत दे. होतं तसं."

होतं तसं. बारा तुकड्यांची पुन्हा नऊवारी. भार्गवीच्या मशीनवर उपेंद्रने ऑफिस सुटल्यावर रोज दोन तास घातले. एखादा जोड निसटला तर नेमका आजींच्या शेवटच्या प्रसंगी निसटेल, या कल्पनेनेच त्याला घाम फुटे, म्हणून त्याने प्रत्येक जोड दुहेरी टिपेने पक्का केला. पण शिवलेल्या कडा आत गेल्यामुळे नऊवारीची जेमतेम आठवारी झाली. तो ती घेऊन मान खाली घालून आजींसमोर उभा राहिला.

आजींनी साडी हाताने मापली. "स्वल्प कमी पडते," त्या म्हणाल्या. "सरी, चालेल. निजवूनच नेसवणार आहेत. निऱ्या कोण मोजतंय?"

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीतून भीमाचार्यांनी विचारलं, "काय म्हणतो तो?" त्यांना ऐकू कमी यायचं.

"साडी आणलीय म्हणतो," आजी मोठ्याने म्हणाल्या. "तुमच्या आधी मी जाणार ना, त्याची."

"सावकाश," भीमाचार्य म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागले.

मुग्धा ठरल्या तारखेच्या बारा दिवस आधी बाळंत झाली. मुलगी झाली. अडीच किलोची आणि आवाजाने त्याच्या दुप्पट. घरचं कापड दवाखान्यात चालणार नाही असं नर्सने सांगितलं. घरी आल्यावर दोन्हीकडच्या नातेवाइकांनी मिळून दुकानातली चौदा ब्लँकेटं पाठवली. उपेंद्रची टोपली कांदे-बटाट्यांकडे परत गेली.

मुलगी अकरा दिवसांची असताना भीमाचार्य सकाळी उठलेच नाहीत. झोपेतच गेले होते. भार्गवीचा नवरा गोंधळून गेला होता, म्हणून उपेंद्रनेच फोन केले, खांदा दिला आणि परत येऊन आंघोळ करून मुलीला दुरूनच बघितलं. वसुमतीआजी पंधरा दिवस कोणाशी फारशा बोलल्या नाहीत. नवऱ्याच्या आधी जायचं, हा त्यांचा बावीस वर्षांचा बेत होता.

महिन्याभराने त्या आल्या. कपाळ मोकळं होतं. हातात तीच पिशवी होती. त्या मुलीजवळ बसल्या, तिच्या अंगावरचं ब्लँकेट दोन बोटांत धरून बघितलं आणि बाजूला सारलं.

"नायलॉन," त्या म्हणाल्या. मग पिशवी उपेंद्रपुढे केली. "हे घे. उसव."

"आजी?"

"हिरवी आहे. आता मला चालायची नाही."

"आजी, आता असं कोणी मानत नाही हो."

"मी मानते ना. जायचं मला आहे, त्यांना कोणाला नाही." त्यांनी भिंतीला पाठ टेकली. "पोरीला दुपटी होतील. सावकाश उसव, कापड जुनं आहे."

मुग्धा त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि तिने मुलगी त्यांच्या मांडीवर दिली. उपेंद्रने सुई आणली, ब्लेड आणलं आणि पहिला जोड हातात घेतला. तासाभरात एक वीत उसवलं. बोटाला दोनदा ब्लेड लागलं. धागा कुठून सुरू झालाय तेच सापडेना.

आजी चष्म्यावरून बघत होत्या.

"एवढं घट्ट कशाला शिवलंस रे?" त्यांनी विचारलं.

त्याचं उत्तर उपेंद्रकडे होतं, पण ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. त्याने मान खाली घातली आणि पुढचा टाका शोधू लागला.