सावित्रीच्या चुलीला ब्लोअर

वीस वर्षं गिरणीत मशिनं दुरुस्त केलेल्या माणसाला एका चुलीचं काय अवघड? काही नाही! असं मी वाडीतल्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं होतं. तेच आता नडतंय.

त्र्याऐंशी साली, संप लांबत गेल्यावर, मी मुंबईचं बिऱ्हाड मोडून रत्नागिरीकडच्या आमच्या वाडीत कायमचा आलो. येताना ट्रंकेत एक जुना ब्लोअर आणि थर्मोस्टॅटचा स्विच आणला, भंगारवाल्याशी घासाघीस करून. माझी बायको सावित्री इतकी वर्षं फुंकणीने चूल फुंकत आली होती. खोकून खोकून बेजार व्हायची. आता पंखाच विस्तव फुंकणार, ताप वाढला की स्विच पंखा बंद करणार, उतरला की परत लावणार. सावित्रीने नुसतं बसायचं!

तिची अट एकच. चुलीवरच्या फळीला टांगलेल्या पुरचुंडीला धक्का लागता कामा नये. त्यात तिच्या आईकडून आलेलं पडवळाचं बी होतं, राखेत घोळवून, फडक्यात बांधून धुरात ठेवलेलं. मृगाच्या तोंडावर वाडीतल्या झाडून सगळ्या बायका त्यासाठी तिच्याकडे ओंजळ पसरायच्या. त्या चार दिवसांत सावित्रीचा रुबाब सरपंचालाही नसेल. मी म्हटलं, बरं, हात लावत नाही.

स्विच मी आधी तपासला हो, तसा मी कच्चा नाही. एका बल्बला जोडला आणि खाली मेणबत्ती धरली. ताप लागताच बल्ब पेटला. मी खूश, स्विच चालू आहे! खरं तर ताप लागल्यावर बल्ब विझायला हवा होता. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

चूल पेटवली तर पंखा ढिम्म. सावित्रीने गुपचूप फुंकणी घेऊन जाळ केला. चूल चांगली रसरसली, म्हणजे पंख्याची गरज संपली, तेव्हा तो घूं करून सुटला. भाकरी करपली, आमटीत राख पडली. मी स्विच घासला, रॉकेलने पुसला, चुलीपासून लांब नेला, जवळ आणला. जवळ आणला की पंखा लवकर सुटायचा, एवढाच फरक. चार दिवस आम्ही एका बाजूने कच्ची आणि दुसऱ्या बाजूने कोळसा अशी भाकरी खाल्ली. फुंकणी निदान थांब म्हटल्यावर थांबते, असं सावित्री एकदाच म्हणाली. मी म्हटलं, धीर धर.

पाचव्या दिवशी ती बायकांबरोबर गणपतीपुळ्याला गेली. ती यायच्या आत काम फत्ते करायचं, असं ठरवून मी लाकडं ठासून भरली आणि पेटवली. पंखा सुरू झाला तसा तो दाखवायला वायरमन आत्मारामला बोलवायला गेलो. त्याच्याकडे चहा झाला. चहावर माझ्या गिरणीच्या गोष्टी झाल्या. परत येतो तर जाळ फळीला चाटतोय! ताप वाढला की वारा सुटतोय, वारा सुटला की ताप वाढतोय. आत्मारामने वायर ओढली, मी पाण्याचा हंडा ओतला. मग त्याने स्विच निरखून पाहिला.

"महिपतदादा, मशीन तापलं की ते थंड करायला पंखा लावतो तो स्विच हा. तू त्याला विस्तव फुंकायला बसवलास."

घर वाचलं. पुरचुंडीचं फडकं मात्र करपून तपकिरी झालं होतं. सोडून पाहिलं तर बी दिसायला जसंच्या तसं. मग मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. सावित्रीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडला, बी त्यात बांधलं, वरून काजळी फासली आणि पुरचुंडी होती तिथे टांगली. आत्मारामला शपथ घातली. सावित्रीला सांगितलं, ब्लोअर बिघडला, काढून टाकला. ती इतकी आनंदली की मलाच वाईट वाटलं.

मृगाला बायका आल्या, ओंजळी भरून बी घेऊन गेल्या. मी ओटीवर बसून बघत होतो. पंधरा दिवस झाले तरी वाडीत एकाही मांडवाखाली कोंब नाही. बायकांनी आधी पावसाला बोल लावला, मग सावित्रीला. शेजारच्या सखूने तर दारात येऊन विचारलं, "वयनी, बी उकडून दिलंस काय गो?"

सावित्रीने आत जाऊन पुरचुंडीचं रिकामं फडकं उलगडलं. ते तिच्याच लुगड्याचं होतं.

मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

"तेव्हाच सांगायचं होतं," ती म्हणाली. "दोन दाणे ओल्या फडक्यात घालून बघितले असते. कुणाला दिलं नसतं." मग म्हणाली, "वीस वर्सं तुमी हितं नव्हतात. पन पडवळ कधी चुकलं नाय."



ते बी आता एकाच घरी उरलं होतं, सावर्ड्याला, आमच्या राहीच्या सासरी. लेकीच्या घरी द्यायला जावं, मागायला जाऊ नये, ही आमच्याकडची रीत. तरी गेलो. विहीणबाई सुंदराबाईंनी मूठभर बी पुडीत बांधून दिलं, वर चहा पाजला, आणि कशाला हवंय हे विचारलंसुद्धा नाही. या माउलीसाठी काय करू नि काय नको, असं मला झालं.

तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "तुम्ही गिरणीत मशिनं बघायचात ना? आमच्या विहिरीचा पंप चार दिवस चालू होत नाय. जरा स्विच बघता काय?"

मी पुडी खाली ठेवली आणि बाह्या सारल्या.

आतून राही म्हणाली, "आई, नको. बाबांची एसटी चुकेल."

मी पुडी उचलली आणि मुकाट्याने निघालो. एसटीला अजून दीड तास होता.