रकाना चौथा : हाताची स्वच्छता

उमरग्याच्या हुन्नरशाळेत रंगकाम शिकवणारे उस्ताद महालिंगप्पा निळगार यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे आहेत, ही गोष्ट सन १३५२ फसलीच्या, म्हणजे इसवी १९४२च्या, बहमन महिन्यापर्यंत कोणत्याही दप्तरात नोंदलेली नव्हती. गावाला ती ठाऊक होती. पंगतीत त्यांनी वाढलेला भात लोक निर्धास्त खात, कारण निळगाराचा हात निळा असायचाच. परंतु गावाला ठाऊक असणे वेगळे आणि दप्तरात असणे वेगळे. आणि सरकार दप्तरात राहते.

जर्मनीशी लढाई जुंपल्यामुळे डब्यातला विलायती रंग बाजारातून नाहीसा झाला होता. तेव्हा निजामाच्या रियासतीत नीळ होती आणि ती वापरणारी माणसेही होती, हे हैदराबादेत कुणाला तरी आठवले आणि शाळेत रंगकामाचा वर्ग निघाला. महालिंगप्पांनी घरच्या रांजणातले मडकेभर पाणी विरजणासारखे आणून शाळेच्या आवारात नवा रांजण लावला. टाकळ्याच्या बिया, चुना आणि गूळ घालून तो आठ दिवसांत जागा केला. निळीचा रांजण जिवंत असतो. रोज सकाळी त्यात हात घालून ऊब पाहावी लागते, तळ ढवळावा लागतो. हात पडला नाही, तर तो मरतो.

उस्तादांची नेमणूक हंगामी होती. मुआयन्यात, म्हणजे तपासणीत, शंभरपैकी साठ गुण मिळाले तर मुस्तकिल, म्हणजे कायम. दोनदा कमी पडले तर घर.

मुआयन्याचा उर्दू नमुना नऊ रकान्यांचा होता. चौथ्या रकान्याला एकट्याला चाळीस गुण होते आणि त्याचे नाव होते ‘हाथ की सफाई’. नमुना करणाऱ्यांना त्यातून हाताचे कसब अभिप्रेत होते. शाळेसाठी मराठी प्रत कारकून बब्रुवान याने तयार केली. त्याची उर्दू दुसऱ्या पुस्तकापर्यंत झाली होती. ‘हातचलाखी’ हा शब्द त्याला सुचला होता. पण तो जत्रेतल्या खिसेकापूंकडे जातो, म्हणून त्याने टाळला. ‘हाताची स्वच्छता’ असे लिहून त्याने खाली दोन रेघा मारल्या.

सदर मुदर्रिस, म्हणजे मुख्याध्यापक, हिंमतराव यांनी प्रत वाचली आणि मुआयन्याच्या दिवशी उस्तादांना हात पुढे करून ओळीने उभे केले. मुआयना करणारे नाझिरसाहेब टांग्यातून उतरले. तर्कशास्त्रात ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेले होते.

“ये क्या है?” त्यांनी विचारले.

“हुजूर, खाना नंबर चार,” हिंमतराव चौथ्या रकान्यावर बोट ठेवत म्हणाले. “हाथ की सफाई.”

नाझिरसाहेबांना उर्दू येत होती. चूक त्यांना तत्काळ कळली. त्याबरोबर आणखीही एक गोष्ट कळली. गेल्या महिन्यात त्यांना एका ठिकाणी लोहाराचे कसब तपासावे लागले होते आणि दुसऱ्या ठिकाणी विणकराचे. दोन्हीकडे त्यांनी बराच वेळ मान डोलावून अंदाजाने गुण दिले होते. कसब ओळखायला थोडे कसब लागते. स्वच्छता ओळखायला डोळे पुरतात.

“बहोत खूब,” ते म्हणाले आणि खिशातून चष्मा काढला.

पहिले होते सुतारकामाचे उस्ताद उत्तरेश्वर. त्यांच्या वर्गाला दोन वर्षे लाकूड मिळालेले नव्हते. त्यांचे हात बारशाला आलेल्या पाहुण्यासारखे होते. त्यांना चाळीसपैकी चाळीस पडले. मग नाझिरसाहेब महालिंगप्पांपुढे आले आणि एक पाऊल मागे सरले.

“हाथ धोते नहीं?”

“धुतो की, हुजूर. रोज दोन डाव.”

“फिर जाता क्यूं नहीं?”

“जात न्हाय म्हणून तर त्याला रंग म्हणत्यात, हुजूर.”

चौथ्या रकान्यात शून्य पडले. वर्तणुकीच्या रकान्यात ‘हुज्जत घालतात’ अशी नोंद झाली. एकूण गुण बावन्न. शेरा : ‘उस्ताद आपल्या विषयात फार बुडालेले दिसतात. सुधारणा आवश्यक. चाळीस दिवसांनी पुन्हा मुआयना.’

घरी शिवकांताबाईंनी नवऱ्याचे हात चिंचेने घासले, राखेने घासले, शेवटी घासलेटने घासले. हात स्वच्छ निळे झाले.

“चाळीस दिस रांजणात हात घातला न्हाय, तर जाईल हे,” महालिंगप्पा म्हणाले.

“आन् शाळंतला रांजण?”

“मरंल.”

“नोकरी?”

“ऱ्हाईल.”

“मग शिकवणार काय तुमी तिथं?”

“ते खान्यात न्हाय.”

शिवकांताबाई उठल्या. घरच्या रांजणाचे झाकण काढून त्यांनी स्वतःचा हात घातला. आजवर ते काम नवऱ्याचे होते.

दुसऱ्या दिवसापासून रंगकामाचा वर्ग फळ्यावर सुरू झाला. उस्तादांनी पांढऱ्या खडूने रांजण काढला. निळा खडू बोटांना लागतो. विद्यार्थ्यांच्या हातांसाठी सातवा रकाना होता, म्हणून त्यांनाही आवारातल्या रांजणाजवळ जाण्यास मनाई झाली. ‘कापड रांजणातून हिरवट निघते व हवा लागताच निळे होते’ हे वाक्य वर्गाने शंभर वेळा लिहिले. एका विद्यार्थ्याने हे प्रत्यक्ष बघता येईल काय, असे विचारले. त्याला सातव्या रकान्याची आठवण देण्यात आली.

पंधराव्या दिवशी रांजणावरची तांबूस साय फाटली. विसाव्या दिवशी वास फिरला. महालिंगप्पा आवारातून जाताना वारा कुठून येतो ते पाहून चालू लागले.

चाळिसाव्या दिवशी नखांच्या मुळाशी थोडी नीळ उरली होती. ती शिवकांताबाईंनी नखे कापून काढली. “आता कुणाचे बी वाटत्यात,” त्या म्हणाल्या.

चौथ्या रकान्यात चाळीस पडले. एकूण ब्याण्णव. जिल्ह्यात एवढे गुण आजवर कोणाला मिळाले नव्हते. महालिंगप्पा मुस्तकिल झाले. आवारात एक मेलेला रांजण दुर्गंधी सोडत असल्याचे नाझिरसाहेबांच्या ध्यानात आले आणि रंगकामाच्या वर्गाजवळ अशी घाण ठेवल्याबद्दल त्यांनी हिंमतरावांना समज दिली. रांजण बुजवण्यात आला.

जिल्ह्यातल्या सर्वोत्तम रंगशाळेला काम मिळणे साहजिक होते. महकम्याच्या, म्हणजे खात्याच्या, चपराशांचे वीस साफे निळे रंगवून पाठवावेत, असा हुकूम पांढऱ्या कापडाच्या गठ्ठ्यासह आला. महालिंगप्पांनी गठ्ठ्याकडे पाहिले, मग बुजवलेल्या खड्ड्याकडे पाहिले.

“अप्पा, घाबरता कशाला?” हिंमतराव म्हणाले. “ब्याण्णव गुण हाईत तुम्हाला. तुमी नुसतं म्होरं बसा. रंग लागंल.”

गठ्ठा घरी गेला. पाचव्या दिवशी सोळा साफे निळेशार होऊन उस्मानाबादच्या कचेरीत पोचले. चार वाळायचे होते. नाझिरसाहेबांना इतका आनंद त्यांच्या नोकरीत झाला नव्हता. उस्तादाचे हात स्वच्छ आणि कापड निळे, म्हणजे रंगकामात हाताचा संबंध येत नाही, हे तर्काने सिद्ध झाले. तसे परिपत्रक त्यांनी त्याच दिवशी काढले आणि ही पद्धत पाहण्यासाठी ते स्वतः उमरग्यास आले.

ते वर्गात उभे राहून फळ्यावरचा रांजण न्याहाळत असतानाच शिवकांताबाई उरलेले चार साफे घेऊन दारात आल्या. हात कोपरापर्यंत निळे.

“ये कौन?”

“उस्तादांचं कुटुंब, हुजूर,” हिंमतराव खाली बघत म्हणाले.

“इनके हाथ देखो!”

“हात माझे हाईत,” शिवकांताबाई म्हणाल्या आणि गठ्ठा टेबलावर ठेवला. “साफे तुमचे.”

महालिंगप्पांनी आपले पांढरे हात पाठीमागे नेले.

नाझिरसाहेबांनी परिस्थितीचा शांतपणे विचार केला. परिपत्रक निघून गेले होते. ते चुकीचे असू शकत नव्हते. तेव्हा चूक या बाईंची होती. तीन दिवसांत हुकूम आला : ‘मुस्तकिल उस्तादाच्या घरी डाग पाडणारे भांडे असणे हुद्द्यास शोभत नाही. सबब घरचा रांजण आठ दिवसांत फोडावा व फोडल्याचा दाखला जोडावा. कसूर झाल्यास नेमणूक रद्द.’

बब्रुवानने हुकूम वाचून दाखवला. त्यात त्याच्या भाषांतराची एकही चूक नव्हती.

आठव्या दिवशी सकाळी महालिंगप्पा घरच्या रांजणापुढे पहार घेऊन उभे राहिले. तो त्यांच्या आजाने लावलेला होता. त्यानंतर त्या घरातले कुणी दोन दिवसांपेक्षा जास्त परगावी राहिले नव्हते.

“दमानं फोडा,” शिवकांताबाई चुलीपासून म्हणाल्या. “हात मळतील.”

महालिंगप्पांनी पहार भिंतीला टेकवली, बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले.

“काय म्हणतंय?” शिवकांताबाईंनी विचारले.

“ऊब हाय.”

“असंल. म्या काय दोन महिनं शंभर डाव लिहीत बसले न्हवते.”

दुपारी महालिंगप्पांनी शाळेत जाऊन राजीनामा दिला. हिंमतरावांनी तो घेतला. ते दारापर्यंत सोडायला आले. कागदाच्या दोन्ही कडांना निळे अंगठे उमटले होते. बब्रुवानने तो आवक वहीत चढवला आणि शेरा लिहिला : ‘अर्ज डागाळलेला. स्वच्छ प्रत सादर करावी.’

स्वच्छ प्रत आली नाही. राजीनामा त्यामुळे मंजूर झाला नाही. महालिंगप्पा गैरहजर लागत राहिले आणि रंगकामाचा वर्ग ब्याण्णव गुणांवर कायम राहिला. पुढे निजामी गेली, नमुना उर्दूतून मराठीत नीट आला, त्याच्या रकान्यांची संख्या नवावरून सत्तावीस झाली. चौथ्याला मात्र कोणी हात लावला नाही. हात लावला असता तर डाग पडला असता.

ती जागा अजून भरायची आहे. रंगाचे ज्ञान असल्यास हरकत नाही, मात्र ते हातावर दिसू नये, एवढीच अट आहे. वाचकांनी हे पान धरलेल्या आपल्या बोटांकडे एकदा पाहावे. नीळ नाही, राख नाही, माती नाही, नखांच्या मुळाशीसुद्धा काही नाही. चाळीसपैकी चाळीस.

अर्ज टपालाने करावा. मुलाखतीत हात पाहतील; दुसरे काही विचारणार नाहीत.