मिनाझुची खळ आणि तीन हातांची देशभगिनी

युद्ध तोफांनी जिंकता येतं, असं ज्यांच्याकडे तोफा असतात त्यांना वाटतं. आमच्या मिनाझु गावाकडे खळ होती. मैदा पाण्यात शिजवून केलेली पांढरी, ऊन ऊन खळ. तिच्या जोरावर आम्ही भिंतींवर पोस्टरं चिकटवायचो, पोस्टरांच्या जोरावर बायका कामाला लागायच्या आणि बायकांच्या जोरावर सम्राटांचं सैन्य (निदान आम्हाला येणाऱ्या परिपत्रकांनुसार) रोज पुढे सरकायचं. शेवटी शेवटी ते आमच्याच दिशेने पुढे सरकत होतं, पण परिपत्रकात दिशा दिलेली नसायची.

मी गावच्या प्रचार खात्यात कारकून होतो. डोळे अधू म्हणून सैन्याने मला नाकारलं आणि चित्रांच्या खात्यात नेमलं. आमचे चित्रकार तोकिनागा यांनी सगळी हयात सार्वजनिक न्हाणीघरांच्या भिंतींवर फुजी डोंगर रंगवण्यात घालवली होती. डोंगर काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. माणूस मात्र त्यांनी कधी काढला नव्हता, कारण न्हाणीघरात माणसं आयतीच असतात. घरी राहिलेल्या स्त्रियांना स्फूर्ती द्या, असा हुकूम आला तेव्हा त्यांनी एक देशभगिनी काढली. मागे फुजी (तो काढल्याशिवाय त्यांचा हातच चालत नसे), पुढे गुबगुबीत गालांची हसरी बाई. एका हातात आग विझवायची बादली, दुसऱ्यात कुदळ, तिसऱ्यात सुईदोरा. वरच्या कचेरीने कामं मोजली, ती बरोबर तीन भरली, म्हणून चित्र मंजूर झालं. हात कोणी मोजले नाहीत.

तिसऱ्या हाताबद्दल एकाही बाईने तक्रार केली नाही, हे खात्याच्या यशाचं गमक समजायला हरकत नाही. तिसऱ्या गल्लीतली ओत्सुने चित्रासमोर उभी राहून म्हणाली, "दोन कमीच काढलेत भावजी. पाठीवरच्या पोरीला कोण धरणार?" तिची सासू ओकुमे बराच वेळ त्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "हसेल नाही तर काय. चित्रात सासू कुठाय?"

चित्राखाली मजकूर मी लिहायचो. 'कमी खा, जास्त हसा.' 'कुरळे केस म्हणजे शत्रूला खूण.' (विमानातून कुरळे केस दिसतात का, हे कोणी विचारलं नाही, मीही नाही.) 'भूक हा केवळ विचार आहे.' या शेवटच्या वाक्यासाठी मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते मला जेवणाच्या सुट्टीत देण्यात आलं, कारण त्या वेळी तसं कोणालाच काही काम नसायचं.

ओत्सुनेचा नवरा दक्षिणेतल्या कुठल्याशा बेटावर होता. बेटाचं नाव गुप्त होतं, त्यामुळे तो आहे की नाही हेही गुप्तच राहिलं. घरात सासू आणि पाठीला बांधलेली तान्ही चिए. शिध्याच्या तांदळात सरकार आधी रताळी मिसळायचं, मग रताळ्याचे वेल मिसळू लागलं, आणि पुढे वेलात तांदूळ मिसळण्याची सुधारित पद्धत आली. ओत्सुनेचं दूध आटत चाललं. चिए रडायची थांबली. ज्या घरातलं तान्हं मूल रडत नाही त्या घरावरून जाताना मला फार वाईट वाटायचं, पण त्याची नोंद करायला रकाना नव्हता.

अशात एक दिवस ओत्सुने कचेरीत आली आणि पोस्टर चिकटवायचं काम मागू लागली. हे काम लोक टाळायचे. मी खुशीने गठ्ठा आणि खळीची बादली तिच्या हवाली केली. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर शेजारणी आल्या. आठवड्याभरात दाराशी रांग लागली. देशप्रेमाची अशी लाट मी आधी पाहिली नव्हती. (बायका येताना वाट्या आणत. ब्रश बुडवायला असतील. माझे डोळे अधू असल्याचं वर नमूद केलंच आहे.)

इथे सरकारच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं पाहिजे. खाण्याच्या मैद्याचा शिधा केव्हाच बंद झाला होता. पण युद्धकाळात प्रचार गळून पडता कामा नये, म्हणून चिकटवण्याच्या मैद्याला कपात लागू नव्हती. पोती वेळेवर यायची. तरीही आमच्या गावची पोस्टरं सकाळी लागायची आणि दुपारपर्यंत गळायची. देशभगिनी वाऱ्यावर उडत समुद्रात जायची आणि कोळी तिला जाळ्यातून परत आणायचे. मग बायका ती पुन्हा लावायला नवी खळ मागायच्या. खात्याच्या अहवालात याला 'प्रचाराची वारंवारता' म्हटलं आहे.

परिणाम लवकरच दिसू लागले. तिसऱ्या गल्लीतले गाल वर आले. ओत्सुनेला दूध आलं. आणि एका सकाळी चिएने असा खणखणीत सूर लावला की पलीकडची गल्ली हवाई हल्ल्याचा भोंगा समजून खंदकात जाऊन बसली. मला इतका आनंद झाला की मी तो अहवालात लिहून टाकला: मिनाझुत पोस्टरं सर्वाधिक, आणि स्त्रियांचे गाल चित्राबरहुकूम.

प्रांताच्या कचेरीतली माणसं हुशार. त्यांनी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या आणि शास्त्रशुद्ध निष्कर्ष काढला, की पोस्टर नियमित पाहिल्याने पोषण होतं. तेव्हा सबंध प्रांतात पोस्टरं दुप्पट आणि तांदूळ निम्मा करावा. तत्पूर्वी खात्री करून घेण्यासाठी निरीक्षक इगाराशी मिनाझुला येतील.

ही बातमी तिसऱ्या गल्लीत पोचली. युद्धसामग्री खाणं हा गुन्हा होता आणि खळ ही युद्धसामग्री होती. ओत्सुने कचेरीच्या पायरीवर बसून हळू आवाजात म्हणाली, "मला नेलं तर हिला पाजणार कोण, भावजी?" ओकुमे म्हणाली, "मी सांगेन मीच खाल्ली. तुरुंगात निदान सून तरी नसेल." मग तिने चिएला स्वतःच्या पाठीला बांधून घेतलं आणि दिवसभर खाली ठेवलं नाही.

इगाराशी आले. उंच, गणवेश ढगळ. पट्ट्याला नवी भोकं पाडत पाडत ते इतके आत गेले होते की उरलेलं टोक गुडघ्याशी लोंबत होतं. त्यांनी गल्लीतून फेरी मारली, गाल पाहिले आणि ओत्सुनेपुढे थांबून विचारलं, "कोणतं पोस्टर जास्त लागू पडतं?"

"जाड कागदाचं, साहेब," ती म्हणाली. "त्याला खळ जास्त मिळते."

निरीक्षकांनी 'जाड कागद' असं टिपून घेतलं. तेवढ्यात वरची देशभगिनी भिंत सोडून त्यांच्या डोक्यावर उतरली. त्यांनी ती हातात घेतली, उलटी केली. मागची बाजू कोरी होती. खळीचा ठिपका नव्हता. चार कोपरे पाण्याने ओले केलेले, बस्स. ते कोरा कागद बघत राहिले. ओत्सुनेचा चेहरा त्या कागदासारखाच झाला होता.

"खळ आणा," ते म्हणाले.

ओत्सुनेने चुलीवरची वाटीभर आणली. घाईत तिच्या लक्षात राहिलं नाही की त्यात मीठ घातलेलं आहे आणि वर पातीचा कांदा चिरलेला आहे. वरिष्ठांसमोर आम्ही रिवाजाप्रमाणे कमरेत वाकून उभे होतो, त्यामुळे पुढचं कोणीही पाहिलेलं नाही. ऐकू मात्र आलं. पहिला भुरका जपून होता. नंतरचे मन मोकळं करून होते.

"मीठ जरा कमी आहे," वरून आवाज आला.

"आणखी घेता का थोडी?" ओकुमेने वाकल्या वाकल्या विचारलं.

"घ्यावीच लागेल. एका वाटीवर तपासणी होत नसते."

त्यांनी वर धाडलेला अभिप्राय असा: मिनाझुच्या स्त्रियांना पोस्टर आतून चिकटतं, भिंतीवर ते राहतं की नाही हा मुद्दा गौण आहे, मैदा दुप्पट करावा. तांदूळ ठरल्याप्रमाणे निम्मा झाला, मैदा दुप्पट आला, चिए बाळसं धरू लागली. निरीक्षक दर आठवड्याला तपासणीला यायचे. एकदा तर तुलनेसाठी पत्नीलाही घेऊन आले. पुढे देशातला कागद संपला, पण मैदा मंजूर होता. पोस्टरांविना आमचं खातं जितकं कार्यक्षम झालं तितकं कधीच झालं नव्हतं.

मग एका दुपारी रेडिओवर खरखर झाली आणि युद्ध संपलं. भिंतींवर नवी पोस्टरं आली. बाई पुन्हा हसरीच, हातात मतपत्रिका. या वेळी हात मोजलेले होते. चिकटवायला परदेशी डब्यातला डिंक आला. ओत्सुनेने बोट बुडवून चाटलं, थू करून टाकलं आणि मग नवलच झालं. ती त्या पोस्टरसमोर उभी राहून, वरून खालपर्यंत ते वाचू लागली.

मी विचारलं, "आणि माझी? 'भूक हा केवळ विचार आहे' ते?"

"ती कधी वाचली नाहीत," ती म्हणाली. "मागची बाजू इतकी चांगली असताना पुढची कोण वाचतं, भावजी?"

ते अडाणी दिवस गेले. तुमच्याकडे भिंतीभिंतीवर हसरे चेहरे असतात असं ऐकतो. तुम्ही शिकलेली माणसं ते थांबून वाचता, एकमेकांना वाचून दाखवता, त्यावरून घरात भांडणंही करता. इतकं मन लावून वाचणारे लोक आमच्या खात्याला स्वप्नातही मिळाले नसते. तुम्ही पुढची बाजू वाचत असता तेव्हा मैदा आजही कुठेतरी मंजूर होत असणार आणि वाटी कोणाच्या तरी हातात असणार. मीठ कमी पडलं की ते वाटीवाले तुमच्याकडेच मागतील. देऊन टाका.