सुताराच्या ओट्यावर

आमच्या ऑफिसात एखादं पत्र हरवलं, की ते "सुताराच्या ओट्यावर" सापडायचं. नाहीतर "गंगूआत्याच्या परसात". हे पत्ते सांगायचे नामाभाऊ, आवक-जावकच्या टेबलावरून, मान वर न करता. साहेब नवीन होते तेव्हा त्यांनी शिपायाला खरोखरच सुताराचं घर शोधायला घोडेगावभर पिटाळलं होतं.

पत्र असायचं नामाभाऊंच्या कॉम्प्युटरमध्येच. फक्त तो कॉम्प्युटर चारचौघांसारखा दिसत नसे. नामाभाऊंना स्क्रीन सजवायचं वेड. "मशीनला तोंडवळा पायजे राव," हे त्यांचं पालुपद. ऑफिसातलं एकही मशीन त्यांनी कंपनीच्या मूळ रूपात राहू दिलं नव्हतं. माउसच्या बाणाच्या जागी खुरपं. वाट बघायची वेळ आली की मळणीचा बैल गोल फिरायचा. कचऱ्याच्या डब्याऐवजी उकिरडा, आणि कचरा साठला की त्यावर कोंबडी येऊन बसायची. शिंदेबाईंना झेंडूचा मळा, साहेबांना शिवनेरी, आणि सगळ्या फाइली गडाच्या दरवाजांत. साहेब पहिल्या दिवशी चिडले. दुसऱ्या दिवशी घरचा लॅपटॉपही सजवून घ्यायला घेऊन आले.

मी तेवढा बधलो नाही. मी टापटिपीचा माणूस, मला कोरा निळा पडदा बरा वाटतो. "भाऊ, तुमच्या मशीनला बिनतोंडाचं ठेवलंय," असं ते मला येता-जाता ऐकवत.

गंमत म्हणजे त्यांची स्वतःची स्क्रीन सगळ्यात बेंगरूळ. तपकिरी वेड्यावाकड्या रेघा, खाली निळा पट्टा, आणि त्यावर ऐंशी-एक फोल्डर. प्रत्येकाला हाताने काढलेलं दाराचं चित्र, कुणाचं हिरवं, कुणाचं मोडकं, आणि खाली नाव. एकही दार सरळ रांगेत नाही. जेवणाच्या सुट्टीत ते एखादं दार तसूभर सरकवत आणि शिनोलीला आईला फोन लावत. "आये, कोंडाजीचं दार वढ्याकडं का देवळाकडं?" आई ऐकायला कमी, त्यामुळे कोंडाजीचं दार सगळ्या ऑफिसला ऐकू येई. आम्ही डबे खाता खाता हसायचो.

मग आई गेली. नामाभाऊ दिवस होईपर्यंत रजेवर होते. पाचव्या दिवशी साहेबांना एक पत्र तातडीने हवं झालं. मी नामाभाऊंच्या खुर्चीत बसलो. पत्र सुताराकडे आहे एवढं ठाऊक होतं, पण त्या गर्दीत सुतार काही सापडेना. तेव्हा मी शहाण्यासारखं बटण दाबून सगळी दारं नावाप्रमाणे लावून टाकली. क्षणात ओळी सरळ झाल्या, मिनिटात पत्र मिळालं. "बघा, आता कसं माणसात आलं," असं मी शिंदेबाईंना म्हणालोसुद्धा. बिचाऱ्याला आल्यावर बरं वाटेल, असंच माझ्या मनात होतं.

नामाभाऊ आले ते डोक्याचा गोटा टोपीखाली झाकून. मशीन सुरू केलं आणि बघतच राहिले.

"जरा आवरलं," मी म्हणालो.

"चांगलं केलं," ते म्हणाले. मग त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. "ही निळी पट्टी म्हंजी नदी, भाऊ. हा वढा. हितून देवळाकडं वाट. आमचं गाव हे, धरणात गेलेलं. तवा मी तिसरीत व्हतो. आपली आळी तेवढी ध्यानात. बाकी समदं आयेनं सांगितलेलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "कुठं कागदावर काढून ठेवलंय का?"

"न्हाई. ती व्हती ना."

एक शब्दही ते रागाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढचे दोन महिने जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं दारं लावत बसलो. गावची जुनी माणसं आता कुठं कुठं पांगलेली. नामाभाऊ फोन करत, एकजण दार ओढ्याच्या अलीकडे सांगे, दुसरा पलीकडे. मी वहीत लिहून घेई. हळूहळू सुतार बसला, गंगूआत्या बसली, कोंडाजीसुद्धा देवळाकडे बसला. चार दारं मात्र कुणालाच सांगता येईनात.

एका संध्याकाळी नामाभाऊंनी ती चारही दारं ओढून निळ्या पट्ट्याच्या कडेला, एकापाशी एक ठेवली. मग पाचवं दार काढायला घेतलं. त्याला वेळ लागला, उंबरा त्यांनी तीनदा पुसून पुन्हा काढला. खाली नाव लिहिलं, आई.

"अहो, तुमचं घर तर वरच्या आळीत," मी म्हणालो.

"घरी एकली काय करंल ती?" नामाभाऊ म्हणाले. "हितं ऱ्हाऊ द्या. या चौघांची घरं तिला ठावी हायेत. ज्याला त्याला दारापतुर न्हेऊन सोडंल."