सूनबाईच्या स्केट्सना आप्पांची धार

"धार म्हणजे काय, हे जगात दोनच माणसांना कळतं," आप्पा सांगायचे. "त्यातला एक मी!"

दुसऱ्याचं नाव त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. बहुधा तो अजून जन्माला यायचा असावा.

आप्पांनी उभा जन्म या बर्फाळ गावातल्या स्वतःच्या सलूनमध्ये काढला होता. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस लावून, तो न फोडता त्याची दाढी करून दाखवणारा माणूस! पण आता सलून मुलाच्या ताब्यात गेलं होतं, आणि मुलगा सगळी कामं मशीनवर उरकायचा. वस्तरा खणात पडून होता. हाताची सवय मात्र खणात कशी ठेवणार? आप्पांनी घरातल्या सगळ्या सुऱ्यांना धार लावली, कात्र्यांना लावली. एकदा उलथन्यालाही लावली! त्या दिवशी माईंनी तव्यावरचं ऑम्लेट उलटायला घेतलं आणि त्याची दोन ऑम्लेटं झाली.

"अहो, आता माझ्या जिभेला तेवढी लावू नका," माई म्हणाल्या.

"तिला गरज नाही!" आप्पा म्हणाले.

अशा घरात वर्षभरापूर्वी सून आली. दवाखान्यात एक्स-रे काढायची आणि फावल्या वेळात बर्फावरची हॉकी खेळायची. चालायला शिकण्याआधी बर्फावर घसरायला शिकलेली पोरगी! पण गावातल्या संघात ती नवखी, त्यामुळे सगळा मोसम तिने राखीव खेळाडूंच्या बाकावर काढला. ती बाकावर बसायची आणि आप्पा तिला बसलेली बघायला जायचे. एकही सामना चुकवला नाही. घरी येऊन माईंना सांगायचे, "खेळवत नाहीत गं तिला. पण बसते मात्र काय ऐटीत!"

मग संघातली एक बाई घरचे पडदे लावताना शिडीवरून पडली, तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला, आणि मोसमाच्या शेवटच्या सामन्यात सूनबाईची वर्णी लागली. आदल्या संध्याकाळी ती मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. "सगळं तयार आहे गं. फक्त स्केट्सची धार गेलीय. ते दुकान गावाच्या त्या टोकाला, आणि मला सकाळी ड्युटी. नीट धार झाली नाही तर उद्या माझी फजिती होणार."

आप्पांनी पेपर खाली ठेवला. धार! या घरात! आणि दुकानात! काखेत कळसा नि गावाला वळसा!

दुसऱ्या दिवशी सून ड्युटीवर गेली आणि आप्पांनी तिचे स्केट्स मागच्या खोलीत नेले. पात्यांवरची रबरी म्यानं काढली, चष्मा लावला आणि त्यांच्या तोंडून "अरेरे!" निघालं. पात्याच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पन्हळीसारखा चर गेलेला! दोन बाजूंना दोन कडा आणि मधे खड्डा. "किती झिजलंय बिचारं," आप्पा हळहळले. "आणि पोरगी एका शब्दाने बोलली नाही."

त्यांनी विजेवरचं दगडी चाक सुरू केलं. आधी तो चर साफ घालवला. मग पात्याला दोन्हीकडून उतार दिला. मग धारेचा दगड, मग चामड्याचा पट्टा. तासन् तास काम चाललं. दुपारी माई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. आप्पा आरशासमोर उभे होते. एका गालावर फेस, आणि दुसऱ्या गालावरून सावकाश खाली येणारा... स्केट!

"अहो!"

"हलवू नकोस मला!" आप्पा ओठ न हलवता म्हणाले. "धार तपासतोय."

सून घरी आली ती घाईतच. बघते तर बॅगेत स्केट्स पुसून, म्यान घालून, टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलेले.

"आप्पा, तुम्ही धार करून आणलीत?"

"केली!" आप्पा म्हणाले.

"इतक्या थंडीत? माझ्यासाठी?"

मागच्या खोलीत एवढी काही थंडी नव्हती, पण आप्पांनी तो मुद्दा ताणला नाही. सुनेचे डोळे भरून आले. "मला कुणीतरी आठवणीने हे करील असं वाटलं नव्हतं," ती म्हणाली. म्यान काढून बघायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही.

बर्फाचं मैदान माणसांनी भरलं होतं. आप्पा आणि माई पहिल्या रांगेत. आप्पांनी शेजारच्या अनोळखी गृहस्थाला कोपराने ढोसलं. "ती निळ्या कपड्यांतली आमची सून. धार घरची आहे!"

सामन्याआधी सराव सुरू झाला. सूनबाईने कठड्याशी न बघताच म्यानं काढली, बर्फावर पाऊल ठेवलं, एक जोर दिला आणि निघाली. पहिल्या क्षणी ती हसत होती. दुसऱ्या क्षणी तिने वळायचा प्रयत्न केला. तिसऱ्या क्षणी हसू गेलं. पाती लोण्यात सुरी जावी तशी बर्फात रुतली होती आणि तिला घेऊन सरळ निघाली होती. सरळ म्हणजे सरळ! ना डावीकडे, ना उजवीकडे, ना थांबायचं नाव.

"बघा! कशी बाणासारखी चाललीय!" आप्पा उभे राहून टाळ्या पिटू लागले.

"बाजूला व्हा!" सून ओरडत होती.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला समोरच्या संघाची गोलरक्षक उभी होती. तिला सगळे 'भिंत' म्हणायचे. ती जाळ्यासमोर उभी राहिली की उजेडसुद्धा आत जायला परवानगी मागायचा. भिंतीने आरोळी ऐकली, वळून बघितलं, आणि तेवढ्यात सून, भिंत आणि जाळं या तिघांचा एक गोळा होऊन मागच्या कठड्यावर आदळला.

एकच गलका झाला! समोरच्या संघातल्या बायका धावून आल्या. "सामना सुरू व्हायच्या आधीच मारामारी?" निळ्या बायका धावल्या. "आमच्या मुलीला हात लावायचा नाही!" पंच शिट्टी फुंकून फुंकून लालबुंद झाले. शेवटी त्यांनी जाळ्यातून सुनेचा पाय मासळीसारखा सोडवला, पातं बघितलं आणि हात झटकन मागे घेतला.

"याला स्केट म्हणतात? हे हत्यार आहे! काढा ते आधी! आणि ही धार केली कुणी?"

पहिल्या रांगेतून एक हात अभिमानाने वर गेला.

"मी!"

माईंनी तो हात खाली ओढला, पण उशीर झाला होता.

सुनेने वर बघितलं. "आप्पा... तुम्ही दुकानात नव्हता गेलात?"

"दुकानात? कशाला? घरात मी असताना..." आणि मग आप्पांना तिचा चेहरा दिसला. त्यावर राग असता तर त्यांनी सोसला असता. पण ती फक्त ओठ घट्ट मिटून स्केट्सचे बंद सोडत होती. मोसमभर बाकावर बसलेली पोरगी पुन्हा बाकाकडे निघाली होती, आणि तिला तिथे पोचवलं होतं खुद्द आप्पांनी. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं. इथे तर नुसता बर्फ, आणि तोही सुनेने आधीच चिरून ठेवलेला!

ते कठड्याजवळ गेले. "सूनबाई, चुकलं गं माझं," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात मागून घोगरा आवाज आला. "आणा इकडे ते स्केट्स."

भिंत! नाकावर रुमाल दाबून उभी. तिच्या संघाच्या स्केट्सची धार तीच लावायची, आणि धारेचं मशीन त्यांच्या गाडीत होतं.

"अगं, तू कशाला?" तिची एक खेळाडू कुजबुजली. "आयती त्यांची एक बाई कमी होतेय!"

"मला आडवी करून ती बाकावर बसणार? मग उट्टं मी कुणावर काढू?" भिंत म्हणाली. "पंच, जरा थांबा. मोडलेलं जाळं उभं करायला वेळ लागणारच आहे."

कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बोळात मशीन मांडलं. भिंतीने पातं डोळ्यासमोर धरलं आणि हसू लागली. हसताना नाक दुखलं, तरी हसली. "आजोबा, वस्तऱ्याला धार एक. याला दोन! एका कडेवर इकडे वळायचं, दुसरीवर तिकडे. तुम्ही दोन्हींची मिळून एक केलीत. मग ही गाडी वळणार कशी?"

"आणि तो मधला चर?" आप्पांनी हळूच विचारलं. "मला वाटलं, झिजलंय."

"त्या चरामुळेच तर दोन कडा होतात! तो मुद्दाम पाडायचा असतो."

आप्पा खाली बघू लागले. मशीनचं चाक फिरलं, ठिणग्या उडाल्या, आणि पात्याच्या मधोमध पुन्हा चर उमटू लागला. बरंच पोलाद आप्पांनी खाल्लं होतं, पण अजून पुरेसं उरलं होतं. शेवटी भिंतीने मशीन बंद केलं. "आता कडांवर बारीक कुसळं राहिलीत. ती हाताने दगड फिरवून काढायची. फार हलका हात लागतो. माझा आत्ता थरथरतोय."

सगळ्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आप्पांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आप्पांना द्या," सून म्हणाली.

"सूनबाई, नको!"

"आप्पा, मी सांगते ना. द्या तो दगड त्यांना."

आप्पांनी दगड घेतला. फुग्याची दाढी करताना रोखायचे तसा त्यांनी श्वास रोखला आणि तान्ह्या बाळाच्या गालावरून बोट फिरवावं तसा कडेवरून दगड फिरवला. प्रत्येक कडेवर एकदाच, आणि पुरे. भिंतीने कडेवरून नख ओढून बघितलं.

"आजोबा," ती म्हणाली, "मला इतकं गुळगुळीत कधी जमलं नाही."

सामना झाला. सून वळली, थांबली, उलटी धावली, चेंडूऐवजी असते ती रबरी चकती अडवत राहिली. आणि एकदा तर चकती घेऊन थेट पुढे घुसली, भिंतीला डावीकडे हुलकावणी दिली आणि उजवीकडून गोल मारला! भिंत जाळ्यातून चकती काढत ओरडली, "आजोबा! पुन्हा तुमच्या घरची धार मी लावणार नाही!"

आप्पा दोन्ही हात जोडून उभे होते. सुनेचा संघ शेवटी एका गोलाने हरला, पण त्यांच्या ते ध्यानातच आलं नाही. सामना संपताच ते भिंतीला गाठायला धावले. "बाई गं, तुझे उपकार कसे फेडू? तुझ्या नवऱ्याची दाढी जन्मभर फुकट!"

"लग्न नाही झालं माझं."

"मग वडिलांची?"

"ते दाढी वाढवतात. छातीपर्यंत."

"भाऊ?"

"चार बहिणी आहेत."

आप्पांची कृतज्ञता हातात फेस घेऊन गालाच्या शोधात फिरत होती, आणि गाल काही सापडत नव्हता! शेवटी भिंतच त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "पुढच्या मोसमात हिला पुन्हा खेळायला आणा, म्हणजे झाली फेड."

परतताना गाडीत सून म्हणाली, "प्रशिक्षक म्हणाले, माझी जागा पक्की."

"देवासारखी धावून आली गं ती भिंत," माई म्हणाल्या.

"हो. आणि आप्पा, यापुढे माझ्या स्केट्सची जबाबदारी तुमची."

आप्पा एकदम ताठ झाले. "माझी? एवढं सगळं होऊनही?"

"तुमचीच. दर वेळी दुकानात न्यायचे, धार झाली की परत आणायचे. वाटेत कुठेही थांबायचं नाही. म्यानही काढायचं नाही."

आप्पांनी बॅग मांडीवर घेऊन तिला दोन्ही हातांनी कवटाळलं. "ऐकलंस का? केवढा विश्वास आहे पोरीचा माझ्यावर!"

"अहो, विश्वास कसला," माई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "हमाल केलंय तिने तुम्हाला."

"असू दे," आप्पा म्हणाले. "पण पोरगी सांगते कशी बघ. काय धार आहे बोलण्याला!"