दोन ओळींसाठी डोंगरकडा

दोन ओळी टाइप करायला हिंगोलीहून एसटीनं डोंगरकड्याला येणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या पतसंस्थेचं नेटवर्क सांभाळणारे वाठोरे साहेब. मी इथल्या शाखेत कारकून. शाखाशाखांतल्या राउटरनी कुठला निरोप कुठल्या वाटेनं धाडायचा, हे साहेब स्वतः लिहीत. याला म्हणे स्टॅटिक रूट म्हणतात. राउटरनी आपसात बोलून वाट ठरवायची सोयही असते, तो प्रोटोकॉल. त्याचं नाव काढलं की साहेब भडकत. "शेजाऱ्यानं सांगितलं म्हून रस्ता बदलायचा? उद्या तो म्हनल हिरीत उडी मार."

हे हिंगोलीत बसून होत नाही का, असं विचारलं की जुनी गोष्ट निघे. एकदा तिथूनच इथली वाट बदलताना चुकीचा आकडा पडला आणि हुकूम ज्या वाटेनं येत होता तीच बंद झाली. "बसलो ती फांदी तोडली. शेवटी यावंच लागलं." तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला.

दर पंधरवड्याला ते काहीतरी बदल काढत. काम पाच मिनिटांचं, मग जेवायला आमच्या घरी. माझे वडील, अण्णा, एसटीचे ड्रायव्हर. अर्धांगवायूनं खाटेला खिळले आणि आई गेल्यावर बोलणंच सोडलं. माझ्याशीही हूं की चूं नाही. साहेब भाकरी मोडत विचारत, "ड्रायव्हरसाहेब, कळमनुरीची वाट बंद पडली तर इकडं कुठून यावं?"

अण्णा हळूच तोंड उघडत. "शिरड शहापूरवरून. लांब पडते, पर पोचते बराबर." मग पूल, वळणं, स्टँडवरचा चहा, तासभर. त्या दिवशी घर भरल्यासारखं वाटे.

यंदा साहेब निवृत्त झाले. नव्या इंजिनिअरनं येऊन प्रोटोकॉल चालू केला. म्हणाला, "मॅडम, बाकीच्या शाखांत साहेबांनीच कधीचा लावलाय. तुमची एकच हातानं का ठेवली, कळत नाही."

मला कळलं. साहेबांचे आभार कसे मानावेत, सुचेना.

पुढच्याच आठवड्यात साहेब एसटीतून उतरले, लॅपटॉपविना. जेवताना तोच प्रश्न. अण्णांनी पुन्हा सगळा रस्ता सांगितला.

ते गेल्यावर मी अण्णांना म्हणाले, "साहेब कामासाठी येत नव्हते. तुम्ही बोलावं म्हणून येत होते."

"ठाऊक हाये. दर बारीला एकच रस्ता इचारतेत."

"मग सांगता काहून?"

"बायको गेली त्यांची. पोरगं तिकडं पुण्यात. घरी बोलायला कोन हाये त्यान्ला? म्हून सांगून राहिलो." अण्णांनी कूस बदलली. "पुढल्या बारीला दोन भाकरी जास्त टाक. पोटभर जेवत न्हाईत ते."